नळाला पाणी आलं नाही तर पहिला फोन कुणाला करता?

खडू_फळा:
मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राज्यशास्त्र शिकवतो. आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही कधी ते सांगता येत नाही. धुणं कधी काढायचं, पाहुण्यांना कधी बोलवायचं, सगळं त्यावर ठरतं. रात्री दोनला कुणीतरी ‘सुटलं, सुटलं’ म्हणून ओरडतं आणि अख्खी गल्ली मोटारी लावायला उठते. सकाळी मी वर्गात नगरपालिकांची 74वी घटनादुरुस्ती शिकवतो. बारावी अनुसूची, 18 विषय, त्यात पाणीपुरवठा. पोरं जांभया देतात. रागावू कसा? त्यातली निम्मी माझ्यासारखीच दोनला उठलेली असतात.

यंदा क्षेत्र प्रकल्पाला त्यांना वर लिहिलेलाच प्रश्न दिला. उत्तर बहुतेकांचं एकच: वॉलमन, म्हणजे गल्लीगल्लीचं पाणी सोडणारा माणूस. एकाचा फोन चुलत्याला, कारण चुलता वॉलमनच्या शेजारी राहतो. नगरपालिकेचे मुख्याधिकारी कुणाच्याच वहीत नाहीत. एका मुलीनं लिहिलं, ‘फोन आई करते, पण नंबर वडिलांच्या मोबाइलमध्ये आहे.’ या एका वाक्यावर पूर्ण तास गेला.

आता मला पडलेला प्रश्न. खेड्यात निदान ग्रामसभा आहे. शहरात घटनेनं प्रभाग समिती सक्तीची केली ती 3 लाख किंवा त्याहून जास्त लोकवस्तीला. आमच्यासारख्या चाळीस-पन्नास हजारांच्या गावानं बोलायचं कुठं? टपरीवर दिल्लीपासून अमेरिकेपर्यंत सगळ्यांचा हिशेब होतो, पण आपल्या गल्लीच्या वॉलचा विषय निघाला की लोक आवाज खाली घेतात. वॉलमन तिथंच चहा पीत बसलेला असतो ना! तुमच्याकडं असं काही चारचौघांत उघड बोललं जातं का? कुठं?

पारावरचा:
सर, ग्रामसभेचं लई कौतुक करू नका. मी बीड जिल्ह्यातला, केजकडचा. गणपूर्ती म्हणजे 15 टक्के मतदार किंवा 100, जे कमी असेल ते. तेवढे जमत नाहीत, सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही! मग सह्यांची वही घरोघर फिरते. 1 मेच्या सभेला तर अर्धं गाव नुकतंच ऊसतोडीवरून आलेलं असतं, त्याला मुकादमाच्या उचलीचा हिशेब पडलेला असतो, ठरावाचं काय घेऊन बसलाव. खरं बोलणं मारुतीच्या पारावर होतं. तिथं बायका येत नाहीत, हे मात्र तुमच्या त्या मुलीच्या वाक्यावरून आत्ता डोक्यात आलं. महिला ग्रामसभा वेगळी घ्यायची असते, पण तिचीही वहीच फिरते.

मांजराकाठची:
2016 साली मी लातूरला होते. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. त्याच्या आधी, मार्चमध्ये, पाणी भरायच्या ठिकाणी 144 कलम लावलं होतं, ते कुणी काढत नाही. टाकीजवळ पाचपेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत. तुम्ही चारचौघांत बोलायची जागा विचारताय, आमच्याकडं पाचांपर्यंतच ठीक होतं! आम्ही घागरी रांगेला लावून सावलीत बाजूला बसायचो. घागरींना जमावबंदी नव्हती. आणि सावलीत बसून बोलणं व्हायचंच: कुणाच्या दारात टँकर आधी लागतो, कुणाच्या घरची टाकी जमिनीखाली आहे. त्या उन्हाळ्यात मला गल्लीतलं राजकारण जेवढं कळलं तेवढं एरवी कधी कळलं नाही.

खडू_फळा:
ताई, 144 शिकवताना माझी उदाहरणं आजवर मोर्चे आणि दंगलीची. पुढच्या तासाला लातूरची पाण्याची टाकी. (कायदा बदलल्यापासून ते 163 झालंय, पण पोरं आणि पोलीस दोघंही 144च म्हणतात.) केजकर, पाराचं बरोबर आहे. पार आणि टपरी दोन्हीकडं कोण बसत नाही, हा पुढचा प्रकल्प.

जुना_कारकून:
नगरपालिकेत नोकरी केली, आता निवृत्त. सर्वसाधारण सभेला नागरिकांना बसता येतं, बोलता येत नाही. माझ्या काळात बसायला यायचे ते ठेकेदार. पुढं 2021-22च्या सुमारास ठिकठिकाणच्या मुदती संपल्या, प्रशासक आले आणि सभाच बंद. ठराव मांडणारा तोच, मंजूर करणाराही तोच. लोकांना फरक पडला का? खरं सांगू, फारसा नाही. वॉलमन तोच होता.

सर, एक ऐका. प्रकल्पात वॉलमनचं नाव, नंबर कुठं येऊ देऊ नका. बहुतेक जागी तो कंत्राटी, पगार महिनोन्‌महिने तुंबलेला. लाइट गेल्यानं टाकी भरली नाही तरी शिव्या त्यालाच. कुणाच्या गल्लीचा वॉल किती आटे फिरवायचा, हे त्याला फोनवरून सांगितलं जातं. सांगणारा कोण, ते पोरांना शोधू द्या. टाकीवर नोंदवही ठेवतात: पातळी किती, कुठला भाग किती वाजता सोडला. माहिती अधिकारात 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून तिची प्रत मागता येते. अर्जात कोणत्या टाकीची, कुठल्या महिन्याची पानं हवीत ते नेमकं लिहा. ‘सर्व माहिती द्यावी’ असं मोघम लिहिलं की टाळायला कारण मिळतं. मीही असे अर्ज टाळलेत.