प्रिंट काळपट येत असतील तर आधी ब्राइटनेस बघा

कास पठारावरच्या तेरड्याच्या फुलांचे फोटो साताऱ्यातल्या लॅबमधून छापून घेतले की काळपट येतात, अशी तुमची तक्रार आहे. दोष लॅबचा नसावा, तुमचा स्क्रीनच फार उजळ असणार, म्हणून फोटो तिथे आहे त्यापेक्षा उजळ दिसतो. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून मगच कॅलिब्रेटरने, म्हणजे स्क्रीनचे रंग आणि उजेड मोजणाऱ्या उपकरणाने, मोजा. नाइट लाइट (रात्री स्क्रीन पिवळसर करणारी सोय) आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट (चित्राप्रमाणे उजेड आपोआप बदलणारी सोय) बंदच हवेत, नाहीतर मोजणी चालू असतानाच रंग सरकतात. कॅलिब्रेटर स्क्रीनला सपाट टेकवा, खिडकीचा पडदा ओढून घ्या. कॅलिब्रेटरच्या सॉफ्टवेअरमध्ये टार्गेट असं ठेवा: पांढऱ्या रंगाची छटा ६५०० केल्विन, गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसतात ते) २.२, उजेड १०० कँडेला प्रति चौरस मीटर. उजेड मॉनिटरच्या बटणानेच उतरवा. ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमधून उतरवला तर छटा कमी होऊन आभाळात पट्टे दिसतात. नंतर ब्राइटनेसला हात लावलात की या मोजणीतून बनलेलं प्रोफाइल (स्क्रीनच्या रंगांची नोंद असलेली फाइल) वाया गेलं म्हणून समजा. आणि लॅबला फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीतच द्या. अ‍ॅडोबी आरजीबी या जास्त रंग सामावणाऱ्या पद्धतीची फाइल, तिच्यात जोडलेलं रंगांचं प्रोफाइल न वाचता छापली गेली, तर तेरड्याचा गुलाबी पार फिका पडतो.