मंजिष्ठेचा लाल: रेशमाचा ताणा आणि दख्खनी लोकरीचा बाणा एका छटेत कसा आणायचा?

चिकोडीकर
नमस्कार मंडळी. रेशमाचा ताणा (उभे धागे) आणि घरी कातलेल्या दख्खनी लोकरीचा बाणा (आडवे धागे) अशी शाल विणायची आहे, दोन्ही मंजिष्ठेने (एका वेलाच्या मुळांच्या रंगाने) लाल. नमुन्याला दोन्हीच्या लहान लडी एकाच स्टीलच्या पातेल्यात घेतल्या. रंग धाग्यावर धरावा म्हणून तुरटी सुक्या सुताच्या वजनाच्या 15 टक्के, मंजिष्ठेची पूड वजनाला वजन, पाणी शेतातल्या बोअरचं. उकळी आणून तासभर ठेवलं. लोकर विटकरी-तपकिरी झाली आणि तिच्यात पांढरट केस तसेच उठून दिसतात. रेशीम फिकट गुलाबी आलं, तेजही उतरलं. चार पाण्यांतून काढलं तरी दोन्हीतून तांबडं सुटतंच आहे. लोकर रायबागकडच्या मेंढपाळांची, रेशीम बेळगावच्या शहापुरातून आणलेलं. चूक पाण्यात आहे, आचेत आहे की मंजिष्ठेत?

खानापूर_हिरडा
तिन्हीत थोडी थोडी, पण सुरुवात पाण्यापासून करा.

आधी लोह बघा. हिरड्याचा गाळलेला काढा चमचाभर घेऊन काचेच्या ग्लासातल्या बोअरच्या पाण्यात टाका. दुसऱ्या ग्लासात पावसाचं किंवा आर.ओ.चं पाणी घेऊन तेच करा. बोअरचा ग्लास करडा किंवा निळसर काळा झाला तर लोह आहे, आणि त्या पाण्यात लाल रंग कधीच उजळ येणार नाही. नुसतं पिवळं जरा गडद झालं तर क्षार आहेत, लोह नाही.

क्षारांचा खरा त्रास तुरटीच्या वेळी होतो. जड पाण्यात तुरटी टाकली की ते गढूळ होऊन पांढरा साका धरतो. ती तुरटी धाग्याच्या आत शिरायच्या आधीच वाया जाते आणि काही नुसती वर चिकटून राहते. तिच्यावर बसलेला रंग पुढे धुताना सुटतो. तुमचं तांबडं सुटण्याचं मोठं कारण हेच असणार. दुसरं कारण सुटी पूड. तिचे कण लोकरीत अडकतात आणि महिनाभर निघत राहतात. पूड मलमलच्या सैल पोटलीत बांधा. त्याहून चांगलं म्हणजे काष्ठौषधींच्या दुकानातून अख्ख्या काड्या आणून घरी कुटा. तयार पुडीत मुळाऐवजी वेलाचं खोड जास्त असलं तर रंग भुऱ्याकडे झुकतो.

म्हणून तुरटी पावसाच्या किंवा आर.ओ.च्या पाण्यात द्या. मंजिष्ठेला मात्र थोडा चुनखडीचा अंश आवडतो, त्याने लाल भरीव होतो. लोह नसेल तर रंगाच्या पातेल्यात चौथा हिस्सा बोअरचं पाणी खुशाल घाला, वेगळा खडू टाकायची गरज नाही.

वडगाव_हातमाग
रेशमाचं सांगतो. शहापूर-वडगावात रेशीम दोन्ही तऱ्हेचं मिळतं, कच्चंही आणि डिंक (रेशमाच्या धाग्यावरचा नैसर्गिक चिकट थर) काढलेलंही. चुरगाळून बघा. कच्चं राठ आणि जरा कडक लागतं, डिंक काढलेलं मऊ असून हातातून सळसळत जातं. कच्चं असेल तर डिंकच रंग पिऊन बसतो आणि पुढे गरम पाण्यात थोडा डिंक सुटला की रंगही त्याच्याबरोबर जातो.

डिंक काढायला 100 ग्रॅम रेशमाला 3 लिटर मऊ पाणी आणि 20 ते 25 ग्रॅम किसलेला सौम्य साबण. 90 अंशांच्या आसपास तासभर ठेवा, खळखळू देऊ नका. लडी काठीवर घालून मधून मधून फिरवा, पळीने ढवळलंत तर गुंता होईल. मग गरम पाण्यात दोनदा, कोमटात एकदा धुवा. वाळल्यावर 100 चे 75 ते 80 ग्रॅम भरले म्हणजे डिंक गेला. तुरटी आणि मंजिष्ठेचं माप या उरलेल्या वजनावर धरायचं. साबणाचं हे पाणी लोकरीला चुकूनही दाखवू नका.

रेशमाला तुरटी थंडच द्यावी. 100 ग्रॅमला 20 ग्रॅम तुरटी थोड्या गरम पाण्यात विरघळवून थंड करा, लडी त्यात 24 तास पूर्ण बुडालेली राहू द्या, मग एकदा हलकी धुवा. रंग देताना आच 60 अंशांवर थांबवा आणि दीड तास धीर धरा. उकळीत तेज जातं ते परत येत नाही.

एका पातेल्याचा नाद मात्र सोडा. आच चढली की लोकर रंग ओढून घेते आणि रेशीम उपाशी राहतं. कमी आचेवर याच्या उलट होतं, रेशीम आधी घेतं. एकाच उकळीत दोघांना बसवलं म्हणून एक विटकरी आणि एक गुलाबी आलं.

अथणी_चाती
पांढरट केसांचं कारण रंगात नाही, लोकरीत आहे. दख्खनी मेंढीच्या लोकरीत जाड, पोकळ, ठिसूळ केस असतात, त्यांच्यावर रंग नीट दिसत नाही. किती तुरटी घातली तरी ते उठूनच दिसणार. पिंजायच्या आधी उन्हात बसून हाताने वेचा. मान आणि खांद्याकडची लोकर बाण्याला ठेवा, मांडीकडची राठ लोकर घोंगडीला द्या.

धुवायला रिठा घ्या. जड पाण्यात साबणाचा चिकट साका लोकरीवर बसतो आणि तिथे रंगाचे डाग पडतात, रिठ्याचा तसा बसत नाही. किलोभर लोकरीला 100 ग्रॅम रिठ्याची टरफलं रात्रभर भिजवून, उकळून, गाळून घ्या. पाणी 50 अंशांच्या आसपास, लोकर नुसती दाबायची, चोळायची नाही. धुण्याचं आणि खळबळण्याचं पाणी सारख्याच उष्णतेचं असावं. गरमातून एकदम गारात टाकली की लोकर आळून तिचा नमदा (दाट, घट्ट थर) होतो.

चरख्यावर पीळ कमी ठेवा, इंचाला 4 ते 5 पुरे. घोंगडीच्या ताण्यासारखं कडक कातलं तर रंग वरच राहतो, सूत मोडून बघितलं की आत पांढरं दिसतं. लडी चार ठिकाणी आठाच्या आकड्यात सैल बांधा. घट्ट गाठीखाली पट्टा राहतो. आणि एखाद्या कंबळीच्या मागावरून उरलेला ताणा घेत असाल तर त्याला चिंचोक्याची खळ (धाग्याला लावलेली चिकट पेज) असते, ती कोमट पाण्यात भिजवून पुरती काढल्याशिवाय तुरटीला हात लावू नका.

लोकरीला तुरटी 15 टक्के बरोबर आहे. 100 ग्रॅमला 4 लिटर पाणी, कोमटापासून सुरू करून तासाभरात 85 अंशांपर्यंत न्या, पाऊण तास ठेवा आणि त्याच पाण्यात रात्रभर निवू द्या. मंजिष्ठा आदल्या रात्री भिजत घाला. सकाळी पहिलं पिवळट पाणी टाकून द्या, मग नवीन पाण्यात पोटली आणि ओली लडी एकत्र घालून हळूहळू 75 अंशांपर्यंत न्या. त्याच्या वर भुरा रंग जास्त उतरतो. थर्मामीटर नसेल तर खूण अशी: वाफ येते, काठाला बारीक बुडबुडे धरतात, पण पाणी हलत नाही.

चिकोडीकर
फार उपयोगी. मग दोन पातेल्यांतून एक छटा कशी जुळवायची? आणि मंजिष्ठेपेक्षा थोडा गर्द, किरमिजीकडे जाणारा लाल हवा असेल तर?

वडगाव_हातमाग
रेशीम आधी रंगवून वाळवा. ते पक्कं धरून लोकर त्याच्याजवळ आणा, कारण लोकरीत मंजिष्ठा कमी-जास्त करणं सोपं. रेशमाला वजनाइतकी घेतली तर लोकरीला 50 टक्क्यांपासून सुरू करा, कमी वाटली तर दुसरा हात द्या. जुळणी नेहमी वाळल्यावर, दिवसाउजेडी, ट्यूबलाइटखाली नाही. ओलं सूत गडदच दिसतं. चमकेमुळे रेशीम जरा उजळ वाटेल, तेवढा फरक शालीत शोभतो.

खानापूर_हिरडा
किरमिजीसाठी लाख. कच्ची काडीलाख (काड्यांवर असते तशी लाख) कुटून कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा. उकळलीत तर राळ वितळून सुताला चिकटेल. लाखेचं पाणी पूर्ण मऊ हवं आणि किंचित आंबट, लिटरला चमचाभर व्हिनेगर. जड पाण्यात ती जांभळी होते. मंजिष्ठेला चुनखडी लागते आणि लाखेला आंबट, म्हणून दोन्ही एकत्र नको. आधी मंजिष्ठा, धुवून, मग लाखेच्या फिक्या पाण्यात अर्धा तास. गर्द करायला हिराकस (लोहाचा क्षार) घालू नका. लाल मरतो आणि लोकर कालांतराने ठिसूळ होते, रेशमाचंही तेच. हळदीचा अस्तर-रंगही (लालाच्या आधी द्यायचा रंग) टाळा, उन्हात उडतो आणि लाल एकटा पडतो.

अथणी_चाती
विणायच्या आधी रंगीत लोकरीची लडी एकदा 50 अंशांच्या पाण्यात बुडवून सावलीत, वजन न लावता वाळवा. आळायची तेवढी तिथेच आळू दे. नाहीतर पहिल्या धुण्यात बाणा आळेल, रेशमाचा ताणा आहे तेवढाच राहील आणि शालीला चुण्या पडतील.