अनुभव धागा: पुण्यातला स्वाइन फ्लू, ऑगस्ट २००९

३ ऑगस्ट २००९. पुण्यात १४ वर्षांची एक शाळकरी मुलगी गेली. स्वाइन फ्लूचा भारतातला तो पहिला मृत्यू. जागतिक आरोग्य संघटनेनं ११ जूनलाच महासाथ जाहीर केली होती, पण ती आपल्या दाराशी आलीय हे पुण्याला त्या दिवशी कळलं. मग शाळा-कॉलेजं, सिनेमागृहं बंद. नायडू रुग्णालयाबाहेर रांगा. माझी लेक तेव्हा पहिलीत होती. सासूबाईंनी रुमालात कापूर-वेलची बांधून तिच्या फ्रॉकला टाचली होती. उपयोग शून्य, हे मला माहीत होतं. तरी मी ती काढली नाही. कोविडच्या आठवणींखाली ते दिवस पार दबून गेलेत. तुमच्याकडे काय झालं, लिहा. चार ओळीही चालतील.

कोथरूड, तेव्हा दहावीत
मला झाला होता. घशातला स्वॅब घेतला, तो एनआयव्हीकडे (पुण्यातली राष्ट्रीय विषाणू संस्था) गेला, आणि रिपोर्ट आला तोवर ताप उतरलाही होता. टॅमिफ्लू सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. गोळी घेतली की मळमळायचं. आई ताट दाराबाहेर ठेवून दोन पावलं मागं सरकायची, मग मी दार उघडायचो. सोसायटीत दूधवाल्याला आमच्या मजल्यावर जाऊ नको म्हणून सांगितलं गेलं. समोरच्या काकू मात्र रोज पेजेचा डबा आणून द्यायच्या.
खरं सांगायचंय ते वेगळंच. शाळेत माझ्या बाकावर बसणारा मित्र माझ्यानंतर चार दिवसांनी आजारी पडला. त्याला दमा होता. आठवडाभर ऑक्सिजनवर होता. वाचला. त्याची आई मला कधी एका शब्दानं बोलली नाही. ताप अंगात असताना चाचणी परीक्षा बुडू नये म्हणून मी शाळेत गेलो होतो, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. आज इथं लिहितोय.

तेव्हा निवासी डॉक्टर
दिवसभर एकच वाक्य बोलायचे: "तपासणीची गरज नाही, घरी थांबा, दम लागला तर लगेच या." साधा ताप-खोकला असलेल्यांना रांगेत तासन् तास उभं करणं म्हणजे लागण वाढवणं. पण टीव्हीवर आकडे बघून आलेल्या माणसाला हे पटवायचं कसं? मला धास्ती असायची गरोदर बायकांची. धडधाकट, विशीतल्या, आणि दोन दिवसांत फुप्फुसं भरलेली. त्यांतल्या एकीचा हात अजून आठवतो, हिरव्या बांगड्यांचा. ती गेली. बाळ राहिलं.

नारायण पेठ
२३ ऑगस्टला गणपती बसले. आमच्या मंडळानं देखावा केला नाही, वर्गणीतून मास्क आणि साबण वाटले. म्हातारे सभासद रागावले होते.

सातारा जिल्हा
आमची आजी १९१८ ची. त्याच वर्षी मानमोडीच्या, म्हणजे तेव्हाच्या फ्लूच्या, साथीत तिची आई गेली; आजी तान्ही होती, तिला चुलतीनं पाजलं. सगळं घर एकाच वेळी आडवं झालं होतं, आणि घरातली निम्मी माणसं तापापेक्षा घोटभर पाण्यावाचून गेली, असं चुलती तिला सांगायची. २००९ मध्ये पुण्याहून आलेलं शेजारचं कुटुंब तापानं पडलं, तेव्हा गल्लीनं तिकडची वाट सोडली. आजीनं एवढंच विचारलं, "त्यास्नी पानी कोन देतंय?" मग रोज सकाळी मला त्यांच्या उंबऱ्यावर भरलेली कळशी ठेवायला लावायची, आणि मी परत येईपर्यंत ओट्यावर उभी राहायची.