‘त्या प्रमाणात’ मोठं रॉकेट?

एखाद्या ग्रहाचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीपेक्षा जास्त असलं तर तिथून अंतराळात जायला तिथले लोक त्या प्रमाणात मोठं रॉकेट बांधतील की, असं कुणी म्हणेल. गोची ‘त्या प्रमाणात’मध्येच आहे. इंधन उचलायलाही इंधन लागतं, त्यामुळे वेग बेरजेने वाढला तरी रॉकेटचं वजन गुणाकाराने फुगतं. रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्कीने हे १९०३ मध्येच मांडलंय.

माणसाला चंद्रावर नेणारं सॅटर्न ५ रॉकेट बघा. उड्डाणाच्या वेळी सुमारे २,९०० टन, आणि चंद्राकडे गेले जेमतेम ४५ टन! उलट चंद्रावरून वर यायला साधारण पाच टनांचं, एकाच इंजिनाचं यान पुरलं.

आता दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा के२-१८बी हा ग्रह घ्या. वस्तुमान पृथ्वीच्या साडेआठपट, त्रिज्या अडीचपटीच्या वर. (तिथे पाय टेकायला जमीन तरी आहे का, हा प्रश्न वेगळाच.) मुक्तिवेग, म्हणजे ग्रहाच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग, सेकंदाला २० किमीच्या आसपास, आपल्या पृथ्वीचा ११.२. हायड्रोजन-ऑक्सिजन इंजिनातून वायू सेकंदाला साधारण ४.५ किमी वेगाने बाहेर पडतात. हवेचा विरोध सोडून दिला तरी इथे भरलेलं रॉकेट रिकाम्याच्या १२ पट जड लागतं, तिथे ८५ पट. म्हणजे १०० टनांतलं इंधन वजा केलं की सव्वा टनसुद्धा उरत नाही, आणि तेवढ्यातच टाक्या, इंजिन, माणसं सगळं बसवायचं.