वापरलेली सी-क्लास घ्यावी की ई-क्लास? बी ५०२ चा प्रश्न

बी ५०२
नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण गाड्यांतलं कळणारे इथे बरेच आहेत म्हणून सोसायटीच्या ग्रुपवरच विचारतो. जुनी गाडी काढून वापरलेली मर्सिडीज घ्यायचं ठरतंय. दोन पाहिल्या आहेत. एक सी २२० डी, २०१९ ची, २६ लाख सांगतायत. दुसरी ई २२० डी, लांब व्हीलबेसवाली (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जास्त असलेली), २०१८ ची, ३१ लाख. घरात आम्ही दोघं, मुलगी आणि आई-बाबा. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. आठवडाभर कर्वेनगर ते डेक्कन एवढाच प्रवास, आणि महिन्यातून एकदा कोल्हापूर. ई मध्ये मागे पाय पसरून बसता येतं म्हणून मन तिकडे ओढतंय. काय करावं?

बी ९०१
डोळे झाकून ई घे. माझ्याकडे तीच आहे. व्हीलबेस ३०७९ मिमी, म्हणजे बाहेरच्या देशांत विकल्या जाणाऱ्या नेहमीच्या ई-क्लासपेक्षा १४० जास्त. मागची सीट ३७ अंशांपर्यंत कलते. मुंबईहून रात्री परत येताना मी मागे शांत झोपतो. सी मध्ये ते सुख नाही. पाच लाखांसाठी मन मारू नकोस, नंतर रोज वाटत राहील.

ए ४०५
अरे, त्याच पैशात नवी कोरी चांगली सेडान किंवा एसयूव्ही येईल, वॉरंटीसकट. जुनी जर्मन गाडी कशाला?

बी ५०२
दादा, तो विचार करून झाला. बाबांची आयुष्यभराची इच्छा आहे, आणि ती आत्ताच पुरी व्हावी असं मला वाटतं.

ए ४०५
मग प्रश्नच नाही. घे.

ए ७०१
बी ५०२, जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाच. मी पिंपरीला टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) होतो. १९९५ मध्ये मर्सिडीजची डब्ल्यू १२४ ई-क्लास तिथेच जुळवायला सुरुवात झाली, तेव्हापासून या गाड्यांबद्दल आस्था आहे. पुढे २००९ मध्ये त्यांचा चाकणचा कारखाना सुरू झाला. तू पाहिलेल्या दोन्ही गाड्या चाकणच्याच.

आधी मापं बघ. सी ची लांबी ४६८६, रुंदी १८१०. ई ची लांबी ५०६३, रुंदी १८६०. म्हणजे लांबी वाढते ३७७ मिमी आणि रुंदी फक्त ५०. तुम्ही पाच जण आहात. मागे तिघं बसणार, आणि दोन्ही गाड्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या असल्यामुळे मागे मधोमध मोठा उंचवटा आहे. मधे बसणाऱ्याला ई मध्येसुद्धा पाय दोन्हीकडे फाकवूनच बसावं लागतं. वाढलेली सगळी जागा मिळते ती कडेला बसणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे. ९०१ बरोबर सांगतायत, पण ते मागे एकटे बसतात आणि पुढे ड्रायव्हर असतो. ती गाडी त्याच माणसासाठी बनवलेली आहे. तुझ्याकडे ड्रायव्हर नाही. तू स्वतः चालवणार, म्हणजे गाडीतली सर्वांत महागडी जागा तुझ्या पाठीमागे राहणार.

दुसरं, खर्च. ही ई २२० डी २०१७ मध्ये नवी आली तेव्हा एक्स-शोरूम सुमारे ५७ लाखांची होती. आज ३१ ला मिळतेय म्हणून ती ३१ लाखांची गाडी झाली असं समजू नकोस. ब्रेक डिस्क, सस्पेन्शनचे आर्म, दिव्यांचे संच यांची किंमत ५७ लाखांच्या गाडीचीच राहते. सी लाही हेच लागू आहे, पण ती मुळात चाळीसच्या घरातली. ई मध्ये एअर सस्पेन्शन असेल तर संध्याकाळी ती सपाट जागेवर उभी करून यायला सांग आणि सकाळी सुरू करण्याआधी जाऊन बघ. एखादा कोपरा बसलेला दिसला तर तिथूनच परत फिर.

तिसरं, आणि यावर कुणी बोलत नाही. २०१८ च्या शेवटी जी नवी सी २२० डी आली ती बीएस-६ आहे, म्हणजे धुराच्या नव्या, कडक निकषांची. तिच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी इंजिन चांगलं तापून गाडी एका वेगात वीस-तीस मिनिटं धावावी लागते. कर्वेनगर ते डेक्कन जाताना हे कधीच होणार नाही. महिन्यातून एकदा कोल्हापूर माझ्या मते कमी पडतं. डिझेल घेणार असशील तर दर रविवारी सकाळी कात्रजचा बोगदा ओलांडून शिरवळपर्यंत जाऊन यायची तयारी ठेव. नाहीतर पेट्रोल सी २०० बघ. दीड लिटरचं इंजिन आहे, १८४ हॉर्सपॉवर, तुझ्या वापराला भरपूर.

बी ५०२
काका, फार फार आभार. फिल्टरचं डीलरने एका शब्दानं सांगितलं नव्हतं. म्हणजे सी घेतली तरी डिझेल नको?

ए ७०१
तुझ्या वापराला पेट्रोल. मी तरी तेच घेईन.

ए १०२ (सेक्रेटरी)
सर्वांना नमस्कार. बी ५०२, एक महत्त्वाची गोष्ट. तुमचं पार्किंग पझलमध्ये, म्हणजे ट्रे सरकवून गाड्या वर-खाली ठेवणाऱ्या यांत्रिक पार्किंगमध्ये आहे. पॅनेलवरच्या पाटीवर लिहिलंय: कमाल लांबी ५०००, रुंदी १८५०, उंची १५५०, वजन २००० किलो. वर दिलेली ई ची मापं बघितली तर ती लांबीतही बसत नाही आणि रुंदीतही नाही.

बी ९०१
६३ मिमीनं काय होतंय? माझी आरामात उभी असते.

ए १०२ (सेक्रेटरी)
तुमची खाली मोकळ्या स्लॉटमध्ये आहे सर. पझलमध्ये ट्रेच्या पुढे-मागे सेन्सरचे किरण आहेत. बंपर त्या किरणात आला की सिस्टीम हलत नाही. आणि ती थांबली की फक्त त्या एका गाडीची नाही, त्या रांगेतल्या सगळ्यांची गाडी अडकते. सकाळी साडेआठला, मुलांच्या शाळेच्या वेळेला. मेंटेनन्स कंपनीनं लेखी कळवलंय की मापाबाहेरची गाडी चढवून बिघाड झाला तर तो करारात धरणार नाहीत. मी कुणाला गाडी घेऊ नका म्हणत नाही. पण हे आधी कळलेलं बरं.

बी ५०२
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद. बीएमडब्ल्यू ५ सिरीज बसेल का मग?

ए ७०१
२०१७ नंतरची असेल तर लांबी ४९३६, ती बसते. रुंदी १८६८, ती नाही. १८ मिमी जास्त. ट्रेच्या कडेला टायर घासत रोज चढवणार का? नको.

सी ३०४
मी फिजिओथेरपिस्ट म्हणून लिहितेय. तुमच्या बाबांच्या गुडघ्यांसाठी मागे पाय पसरायला किती जागा आहे हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न सीट जमिनीपासून किती उंच आहे हा. गुडघे बदललेल्या माणसाला खाली वाकून बसणं आणि तिथून उठणं हेच सर्वांत जड जातं. सीट इतकी खाली असेल की बसल्यावर कंबर गुडघ्यांच्या पातळीखाली जाते, तर उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. सेडान लहान असो वा मोठी, दोन्ही खालीच असतात.

त्यांना दोन्ही गाड्यांपाशी प्रत्यक्ष घेऊन जा. आधी पाठमोरं उभं राहून सीटवर बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत वळवायचे. असं पुढच्या सीटवर करून बघा, मागच्या सीटवर करून बघा. उठताना दाराची चौकट धरून किती ओढावं लागतं ते बघा. एकदा नाही, तीन-चारदा करायला लावा, कारण पहिल्यांदा सगळेच उत्साहात पटकन उठतात. आणि दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर नको, रस्त्याच्या कडेला, जिथे एक पाय खाली राहतो.

पुढच्या सीटला उंची वाढवायचं बटण असेल तर ती सगळ्यात वर घेऊन बघा. खूप फरक पडतो.

बी ५०२
ताई, हे फारच उपयोगी आहे. आम्ही त्यांना मागेच बसवायचं गृहीत धरलं होतं. मोठी माणसं मागे, असंच.

बी ५०२ (बाबा)
मी याचा बाप. ग्रुपवर वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो. मला पुढे बसायचं आहे. मागे बसलं की रस्ता दिसत नाही, खंबाटकी कधी आली कळत नाही, आणि मला मळमळतं. आयुष्यभर एसटीतसुद्धा मी ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट बघायचो. हिला आणि नातीला मागे बसू दे. मला कुणी विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नाही.

सी ३०४
काका ❤️

ए ७०१
साहेब, अगदी मनातलं बोललात. मग ई चा मुद्दाच संपतो. पुढच्या सीटवरच्या जागेत दोन्ही गाड्यांत फार फरक नाही.

बी ९०१
काका पुढे बसणार असतील तर मीही सी म्हणेन. मी मागच्या सीटसाठी बोलत होतो. एक सांगतो, ई ला आपल्याकडचे गतिरोधक त्रास देतात. दोन चाकांमधलं अंतर एवढं की उंच गतिरोधकावर पोट टेकतं. गावाकडे जाताना मी ड्रायव्हरला तिरकी घ्यायला लावतो. कोल्हापूर हायवेला सहापदरीकरणाची कामं चाललीत, वळवलेले रस्ते आहेत. हेही धर.

सी ८०३
मी विमा क्लेममध्ये काम करते. गाडी कुठलीही घ्या, पण २०१८-१९ ची पुण्यातली गाडी असेल तर दोन तारखांना ती कुठे उभी होती हे विचारा. २५ सप्टेंबर २०१९, आंबील ओढ्याचा पूर. आणि २५ जुलै २०२४, सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं तो दिवस. बेसमेंटमधल्या किती गाड्या गेल्या ते आम्ही पाहिलंय. या गाड्यांचे कंट्रोल युनिट सीटखाली, गालिच्याखाली असतात. पाणी उतरलं, वास गेला, पॉलिश झालं, की वरून काही दिसत नाही. दोन वर्षांनी कनेक्टर गंजून एकेक गोष्ट बंद पडायला लागते.

सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला मातीची रेघ असते. सीटच्या रुळाचे बोल्ट बघा. डिकीतला गालिचा उचला. चॅसी नंबर देऊन अधिकृत वर्कशॉपमधून सर्व्हिसचा पूर्ण इतिहास मागा, आणि मालकाकडून विमा कंपनीचा क्लेम इतिहास. मालक द्यायला टाळाटाळ करतो म्हणजे उत्तर मिळालं.

एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारा बोनस) मालकाचा असतो, गाडीचा नाही. तो तुम्हाला मिळणार नाही. नाव बदलल्यावर १४ दिवसांत विमाही तुमच्या नावावर करून घ्या.

ए ४०५
माझ्या मेव्हण्याला दिल्लीची एक गाडी फार स्वस्तात मिळत होती. तिकडे बघितलं का?

सी ८०३
दादा, दिल्लीत जुन्या डिझेलवर निर्बंध आले म्हणून तिथल्या गाड्या स्वस्त दिसतात. इथे आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा, नवा नंबर. सगळं धरल्यावर फायदा फारसा उरत नाही. शिवाय गाडी जन्मभर कुठे राहिली हे आपल्याला तपासता येत नाही. मी नको म्हणेन.

ए ७०१
सहमत. मालकी बदलायच्या फॉर्म २९, ३० वर सही घेण्याआधी परिवहन खात्याच्या ‘वाहन’ साइटवर कर्जाचा बोजा दिसतोय का बघ. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस. ई-चलन बाकी आहे का तेही बघ.

आता ताईंनी सीटच्या उंचीचं लिहिलं त्यावरून एक सुचलं. बीएमडब्ल्यू ३ सिरीज जीटी म्हणून एक गाडी होती. दिसायला सेडान, पण मागचं दार काचेसकट वर उघडतं. साध्या ३ सिरीजपेक्षा बसायची उंची ५९ मिमीने जास्त, व्हीलबेस ११० ने जास्त. लांबी ४८२४, रुंदी १८२८, उंची १५०८. सेक्रेटरी साहेबांच्या पाटीत चारही बाजूंनी बसते. नव्या गाड्यांत आता मिळत नाही, वापरलेल्याच. डिकी मोठी. सी च्या डिकीत स्टेपनी वरच ठेवलेली असते, पाच जणांच्या बॅगा ठेवायच्या तर ते अडतं.

बी ५०२
काका, ही कधी पाहिलीच नाही! बाबांना ५९ मिमीचा फरक पडेल का ताई?

सी ३०४
हो, पडेल. गुडघ्यांच्या बाबतीत सहा सेंटिमीटर खूप असतात. पण शेवटी त्यांना बसवूनच ठरवा.

बी ५०२ (बाबा)
पण मर्सिडीज म्हटली होती ना?

बी ५०२
हो बाबा. सी २०० पहिली बघू. तुम्ही आत बसून म्हणाल ती.

ए ७०१
शनिवारी सकाळी मी येतो बरोबर. डीलरला आजच सांगून ठेव की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. थंड इंजिनाचा पहिला आवाज मला ऐकायचाय. गाडीतले बिघाड वाचणारा स्कॅनर लावून देणारा एक मुलगा ओळखीचा आहे, त्यालाही बोलावतो.

बी ५०२
नक्की काका. साडेआठला निघू, चहा आमच्याकडे.

ए १०२ (सेक्रेटरी)
जी ठरेल तिच्या आरसीची प्रत आणि आरसे मिटवून मोजलेली रुंदी ऑफिसला द्या. ट्रे नंबर ७ चं सेन्सर ॲडजस्ट करायला मेंटेनन्सचा माणूस पुढच्या आठवड्यात येतोय, तेव्हाच तुमचंही बघून घेऊ.