मदत हवी आहे: क्वार्ट्झच्या ओट्यावर सिंकजवळ धुरकट पट्टा आणि शेगडीजवळ पिवळट डाग

नमस्कार मंडळी,

आमच्या स्वयंपाकघरातला ओटा क्वार्ट्झचा आहे. पांढरा, चकचकीत पॉलिशचा, त्यात बारीक राखाडी ठिपके. आम्ही राहायला आलो तेव्हा तो बसवलेलाच होता, त्यामुळे कंपनी कोणती ते कळायला मार्ग नाही. मला तो मनापासून आवडतो आणि चुकीचं काही लावून खराब करायचा नाही, म्हणून आधी इथे विचारतेय.

सिंकच्या कडेला एक धुरकट पट्टा आहे. ओला असला की नाहीसा होतो, वाळला की पुन्हा दिसतो. नळाच्या बुडाशी तो बोटाला खरखरीत लागतो, पण पुढे जिथे भांडी निथळत ठेवतो तिथे अगदी गुळगुळीत, आणि तरीही अंधुक. खिडकीतून तिरपा उजेड आला की तिथे पुसलेल्या फडक्याचे फराटे उमटलेले दिसतात.

दुसरा डाग शेगडीच्या शेजारी. पिवळट गोल, कडेला फिकट पांढरं वर्तुळ. हा आम्ही येण्याआधीचाच आहे. भांडी घासायचं लिक्विड झालं, खायच्या सोड्याचा लेप झाला, ढिम्म हलत नाही.

सल्ले भरपूर मिळालेत: ब्लीच ओतून रात्रभर ठेवा, ग्रॅनाइटचं सीलर (दगडाची छिद्रं बुजवणारा लेप) मारून घ्या, बारीक सँडपेपरने घासून पुन्हा पॉलिश करा. माझ्या वाचनात असं आलं की क्वार्ट्झचा ओटा खाणीतून काढलेली अखंड लादी नसते. वजनाने साधारण ९० टक्के किंवा थोडी जास्त क्वार्ट्झची भुकटी आणि बाकी रेझिन (भुकटी बांधून ठेवणारा प्लॅस्टिकसारखा पदार्थ) व रंग एकत्र दाबून ती बनवतात. मग ग्रॅनाइटचे उपाय इथे कसे चालतील? धुरकटपणा वर बसलेला थर आहे की पॉलिशच गेलंय, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? आणि तो पिवळा डाग निघण्यासारखा आहे का?

सुतारपक्षी:

ताई, काही लावलं नाहीत हे फार चांगलं केलंत. ओटे बसवण्याचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या पट्ट्यात दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. खरखरीत भाग म्हणजे पाण्यातले क्षार. गुळगुळीत भाग बहुतेक साबणाचा थर असावा. लिक्विड जास्त घेतलं आणि नंतर साध्या पाण्याने पुसलं नाही की तो साचत जातो. ओलं केल्यावर नाहीसं होणं ही खूण इथे उपयोगाची नाही, कारण क्षार, साबण आणि घासलेलं पॉलिश, तिन्ही ओलं असताना सारखंच दिसतं. त्यापेक्षा पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या (शेगडी बंद, खिडकी उघडी) आणि कोपऱ्यातली एक छोटी जागा पुसा. वाळल्यावर तेवढाच भाग लखलखला तर साबण होता. काहीच फरक पडला नाही आणि क्षारही नसतील, तर पॉलिश गेलंय असं समजा.

क्षारांसाठी व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून फडका भिजवा, त्या जागेवर दोन-चार मिनिटं ठेवा, प्लॅस्टिकच्या पट्टीने हलकेच खरवडा, स्वच्छ पाण्याने पुसा आणि कोरडं करा. क्वार्ट्झला व्हिनेगर काही करत नाही, पण काही कंपन्या आम्ल वापरू नका असंच सांगतात, म्हणून जास्त वेळ ठेवायचं नाही.

पिवळ्या डागाबद्दल मात्र चांगली बातमी नाही. गोल आकार आणि फिकट कडा म्हणजे बहुधा गरम भांड्याचं बूड टेकलेलं आहे. क्वार्ट्झला काही होत नाही, रेझिन करपतं. साधारण १५० अंश सेल्सिअसच्या पुढे धोका सुरू होतो आणि शेगडीवरून उतरवलेलं भांडं सहज त्याहून तापलेलं असतं. एकदा नख फिरवून बघा. कडेला उंचवटा लागला तर तो जळून घट्ट बसलेल्या तेलाचा थर असू शकतो, तो सौम्य क्रीम क्लीनरने निघेल. काहीच लागलं नाही तर रंग आतूनच बदललाय, तो घासून निघत नाही.

सीलर नको. या लादीला तेल-पाणी शोषणारी छिद्रं जवळजवळ नसतातच, मग सीलर वरच राहतं आणि वेगळाच धुरकटपणा आणतं. ब्लीच रात्रभर तर मुळीच नको. ओव्हन क्लीनर, तुंबलेली नाली मोकळी करायची पावडर, रंग काढायचं रसायन, हे सगळं रेझिनवर घाला घालतं.

सँडपेपरबद्दल कळकळीने सांगतो, नकोच. चकाकी तर जाईलच, पण कोरडं घासल्यावर उडणारी सिलिकाची, म्हणजे क्वार्ट्झचीच, बारीक धूळ फुप्फुसात जाते. ओटे कापणाऱ्या कामगारांना यातूनच सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा लाद्या बनवण्यावर, विकण्यावर आणि बसवण्यावर बंदी घातली, ती याच कारणाने. बसवलेला ओटा रोज वापरायला आणि पुसायला काहीच धोका नाही, धूळ उडवायची नाही एवढंच.

रानजाई:

वरच्याशी सहमत. फक्त एक भर: पांढरा ‘मॅजिक’ स्पंज वापरू नका. हाताला मऊ लागतो, पण असतो घासणाराच, आणि चकचकीत पॉलिशवर मंद ठिपका पाडतो. स्टीलच्या भांड्यांच्या राखाडी रेघा दिसल्या तर त्या बहुतेक वेळा ओरखडे नसतात. लादी स्टीलपेक्षा कठीण असल्यामुळे भांड्याचाच धातू वर लागून राहतो. सौम्य क्रीम क्लीनरने जातात.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार! अल्कोहोलने कोपरा पुसला आणि तेवढा चौकोन लख्ख झाला, म्हणजे साबणच होता. नळाजवळचे क्षारही सुटायला लागलेत. पिवळ्या डागावर नखाला काहीच लागत नाही, त्यामुळे त्याचा नाद सोडला. तिथे आता लाकडी पाट ठेवलाय आणि गरम भांडी त्यावरच उतरवतो. आता एकच राहिलं: ओटा आणि भिंतीच्या सांध्यातलं सिलिकॉन काळं पडलंय, ते कशाने निघेल?

सुतारपक्षी:

ती बुरशी आहे. वरवरची असेल तर पुसून जाते, पण आत मुरली असेल तर घासत बसू नका. जुनं सिलिकॉन कापून काढा, सांधा पूर्ण कोरडा होऊ द्या आणि बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन नव्याने भरा. नंतर निदान २४ तास तिथे पाणी लागू देऊ नका.