प्रतिसाद: स्पेशालिस्ट डॉक्टरांच्या संघटनांचा उपयोग काय?

वर कोणीतरी म्हटलंय की स्पेशालिस्ट डॉक्टरांच्या या राष्ट्रीय संघटना म्हणजे वर्षातून एकदा कॉन्फरन्स, मेंबरशिपची फी आणि फार्मा कंपन्यांची स्पॉन्सरशिप, बाकी काही नाही. मला हे अजिबात पटत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं बघा, तिचा जन्मच मुळात भांडणातून झालाय. १९२१ मध्ये तिकडे शेपर्ड-टाउनर कायदा आला, आई आणि बाळांच्या आरोग्यासाठी सरकारी पैसा देणारा, आणि १९२२ च्या अधिवेशनात अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या बालरोग विभागाने त्याला पाठिंबा दिला तर मुख्य संघटनेने त्याच कायद्याचा निषेध केला! मुलांसाठी स्वतंत्र आवाज हवा ही भावना तिथून वाढत गेली आणि १९३० ला डेट्रॉइटमध्ये ३५ डॉक्टरांनी अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स काढली.

१९३८ पासून त्यांचं संसर्गजन्य रोगांवरचं 'रेड बुक' निघतंय, लसीकरणासाठी डॉक्टर आजही ते बघतात. पण मला सगळ्यात मोठं काम वाटतं ते १९९२ चं. बाळाला पालथं झोपवू नका असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, दोन वर्षांनी त्यावर देशभर मोहीम झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत निम्म्यावर आलं. एकट्या डॉक्टरने आपल्या क्लिनिकमध्ये कितीही घसा फोडून सांगितलं असतं तरी हे झालं नसतं, त्यासाठी पुरावे तपासून एकमुखाने बोलणारी संस्थाच लागते.

फार्मा कंपन्यांच्या स्पॉन्सरशिपचा त्यांचा मुद्दा मात्र बरोबर आहे, त्यावर कडक नियम हवेतच.